आर्यभटाचे कुट्टक आणि प्रोसेसरचे वेळापत्रक

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या उशाशी असलेला मॉनिटर आता बहुतेकांच्या ओळखीचा झाला आहे. त्यावर हृदयाची रेषा धावत असते, बाजूला रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा असतो, ठरावीक वेळाने दंडावरची पट्टी फुगते आणि रक्तदाब मोजला जातो. पाहणाऱ्याला वाटते, ही सगळी कामे एकाच वेळी चालली आहेत. पण असे यंत्र एकाच साध्या प्रोसेसरवर चालत असेल, तर तो एका क्षणी एकच काम करत असतो. हृदयाचा संकेत वाचायचा, तो सोडून ऑक्सिजनकडे वळायचे, मग पडदा रंगवायचा, आणि तेवढ्यात पुन्हा हृदयाची पाळी आलेलीच असते. प्रत्येक काम आपापल्या ठरलेल्या फेऱ्याने परत येते आणि कधीतरी सगळीच कामे एका क्षणी दारात उभी राहतात. तो क्षण कधी येणार? आला तर सगळ्यांची मुदत पाळली जाईल का? आणि तो येणारच नाही अशी मांडणी करता येईल का?

हे प्रश्न आजच्या संगणक अभियंत्यांचे आहेत. पण वेगवेगळ्या गतीने फिरणारी चक्रे कधी एकत्र येतात, हा त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न फार जुना आहे. तो पूर्णांकांच्या हिशेबाने सोडवण्याची रीत भारतात पहिल्यांदा लिहून ठेवणारा माणूस इ. स. ४७६ मध्ये जन्मला. त्याचे नाव आर्यभट. नांदेड आणि लातूरच्या वाचकांनी त्याच्याकडे थोडे अधिक आपुलकीने पाहावे, असे एक कारण आहे.

बीड जिल्ह्यात पाटोद्याच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा लातूर जिल्ह्यातून जाते, कर्नाटक आणि तेलंगणातून वळसा घेते आणि नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. हा सारा परिसर प्राचीन अश्मक जनपदाचा. सोळा महाजनपदांपैकी विंध्याच्या दक्षिणेला असलेले हे एकमेव. त्याची राजधानी पोतन म्हणजे बिलोलीहून मांजरा ओलांडली की लागणारे आजचे बोधन, असे अनेक इतिहासकार मानतात. आर्यभटाच्या ग्रंथावरची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी टीका पहिल्या भास्कराने इ. स. ६२९ मध्ये लिहिली. तो आर्यभटाला अश्मक म्हणतो, त्याच्या ग्रंथाला आश्मकतंत्र म्हणतो आणि त्याच्या अनुयायांना आश्मकीय. पुढे केरळमधला नीलकंठ सोमयाजी हा मोठा गणिती तर आर्यभटाचा जन्मच अश्मक देशातला असे सांगतो. आर्यभट केरळचा होता, असे मानणारेही अभ्यासक आहेत, कारण त्याची परंपरा सर्वांत जास्त काळ तिथेच जिवंत राहिली. पण केरळच्याच नीलकंठाने अश्मकाचे नाव घ्यावे, याला वजन आहे. अश्मकांच्या वस्त्या पुढे गोदावरीपासून नर्मदेच्या बाजूला पसरल्या होत्या, त्यामुळे नेमक्या गावाची पाटी लावण्याची घाई कोणी करू नये. देश मात्र आपल्या ओळखीचा आहे.

आर्यभटाची कर्मभूमी कुसुमपूर, म्हणजे पाटलीपुत्र, आजचे पाटणा. गुप्त साम्राज्य उतरणीला लागले होते, पण विद्येचे ते केंद्र अजून टिकून होते. कलियुगाची ३६०० वर्षे उलटली तेव्हा आपण २३ वर्षांचे होतो, अशी नोंद त्याने स्वतःच केली आहे. ते वर्ष इ. स. ४९९ येते. ‘आर्यभटीय’ हा त्याचा ग्रंथ साधारण त्याच सुमाराचा मानतात. प्राचीन भारतीय पंडितांपैकी फार थोड्यांचे जन्मवर्ष इतके नक्की सांगता येते. कालिदासाबद्दल तर शतकांचे वाद आहेत. आर्यभटाने आपले वयसुद्धा ज्योतिषाच्या हिशेबात मांडले, म्हणून ते टिकले. पांडुरंगस्वामी, लाटदेव आणि निःशंकू ही त्याच्या शिष्यांची नावे पहिल्या भास्करामुळे आपल्यापर्यंत पोचली आहेत. तेव्हा हा केवळ लिहिणारा नव्हता, शिकवणारा होता.

‘आर्यभटीय’ उघडून पाहणाऱ्याची पहिली भावना बहुधा निराशेची असते. सगळा ग्रंथ १२१ श्लोकांचा. उदाहरण एकही नाही, सिद्धता नाही, समजावून सांगणे नाही. पाठ करण्यासाठी केलेली ती सूत्रे आहेत. उलगडा गुरूने समोर बसून करायचा. मोठ्या संख्या श्लोकात बसाव्यात म्हणून आर्यभटाने अक्षरांची स्वतःची पद्धत बनवली. व्यंजनांना किंमत दिली आणि स्वरांनी स्थान दाखवले. त्या पद्धतीत ४३,२०,००० ही संख्या ‘ख्युघृ’ एवढ्या दोन अक्षरांत मावते. उच्चारायला अवघड, पण जागेची बचत जबरदस्त. ही पद्धत पुढे फारशी कोणी उचलली नाही, हे बरेच झाले म्हणायचे.

त्या ४३,२०,००० आकड्यातच आपल्या विषयाचा गाभा आहे. ही एका युगाची वर्षे. या काळात सूर्य ४३,२०,००० फेऱ्या करतो, चंद्र ५,७७,५३,३३६, गुरू ३,६४,२२४ आणि शनी १,४६,५६४, असे आर्यभट सांगतो. दिवस होतात १,५७,७९,१७,५००. सगळे आकडे पूर्ण, अपूर्णांक कुठेही नाही. ग्रहाची गती दिवसाला किती अंश, असे न सांगता एका प्रचंड काळात पूर्ण फेऱ्या किती, असे त्याने सांगितले. भागाकार करून पाहिला तर चंद्राची एक फेरी २७.३२१६७ दिवसांची येते. आजच्या मोजमापाशी ती दशांशचिन्हानंतरच्या चौथ्या स्थळापर्यंत जुळते. पृथ्वीचे स्वतःभोवतीचे एक भ्रमण २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंदांचे येते, आणि तेही आजच्यासारखेच. वर्ष मात्र सव्वातीन मिनिटांहून थोडे जास्त मोठे निघते. उघड्या डोळ्यांनी केलेल्या निरीक्षणांवर उभ्या असलेल्या परंपरेसाठी ही चूक लहान आहे.

आता शाळेतला लसावि आठवू या. एक घंटा दर ४ मिनिटांनी वाजते आणि दुसरी दर ६ मिनिटांनी. दोन्ही आत्ता एकत्र वाजल्या, तर पुन्हा १२ मिनिटांनी एकत्र वाजतील. बारा हा चार आणि सहाचा लघुतम साधारण विभाज्य. आर्यभटाचे युग हा ग्रहांचा असाच विभाज्य आहे. आरंभी सगळे ग्रह मेषेच्या आरंभबिंदूवर होते, तिथून ते आपापल्या गतीने सुटले आणि ठरावीक काळाने पुन्हा सगळे तिथेच जमतात. दिलेल्या सगळ्या आकड्यांना ४ ने पूर्ण भाग जातो. म्हणजे युगाच्या चौथ्या हिश्श्यात, १०,८०,००० वर्षांतच, सारे ग्रह आरंभबिंदूवर परत येतात. याहून लहान काळात ते जमत नाही. शनीच्या आकड्याचा चौथा हिस्सा ३६,६४१ येतो. त्याला २, ३ किंवा ५ यांपैकी कशानेच भाग जात नाही, आणि १०,८०,००० ही संख्या याच तीन अवयवांची बनली आहे.

यावरून आर्यभटाने एक धाडस केले. स्मृतींप्रमाणे कृत, त्रेता, द्वापर आणि कली या युगांचे प्रमाण ४:३:२:१ असे आहे. आर्यभटाने चारही सारखी करून टाकली, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांची. कारण गणितात सापडते. स्मृतींची वाटणी धरली तर कलियुगाच्या आरंभी युगाचा नऊ-दशांश भाग संपलेला असतो. शनीच्या १,४६,५६४ फेऱ्यांचा नऊ-दशांश पूर्णांक येत नाही, म्हणजे त्या क्षणी शनी आरंभबिंदूवर असणार नाही. सारखी वाटणी केली की शनीसह सगळे ग्रह बरोबर जागेवर येतात. परंपरा आणि हिशेब यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा या तरुणाने हिशेब धरला. त्याची किंमत त्याला पुढे मोजावी लागली.

सगळी चक्रे एकत्र सुटली असतील, तर लसावि पुरतो. पण ती वेगवेगळ्या क्षणी सुटली असतील तर? रोजच्या जगण्यात तसेच असते. समजा, गल्लीत नळाला दर ५ दिवसांनी पाणी येते आणि आठवडी बाजार दर ७ दिवसांनी भरतो. पाणी ३ दिवसांनी येणार आहे, बाजार ४ दिवसांनी. दोन्ही एकाच दिवशी कधी? ‘आर्यभटीया’तल्या गणितपादाच्या शेवटच्या दोन श्लोकांत या जातीच्या प्रश्नाची रीत आहे. पुढच्या गणितींनी तिला कुट्टक म्हटले. कुट्टक म्हणजे कुटणारे. मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागायचे, लहान आकड्याला बाकीने भागायचे, पुन्हा त्या बाकीने, असे आकडे कुटत कुटत इतके बारीक करायचे की उत्तर तोंडी दिसावे. मग तिथून पायऱ्या चढत मूळ प्रश्नाकडे परतायचे.

पाण्याचे आणि बाजाराचे गणित असे सुटते. पहिल्या बाजारानंतर काही बाजार उलटून जातील आणि पहिल्या पाण्यानंतर काही पाळ्या. दोन्हींच्या सुरुवातीत १ दिवसाचा फरक आहे. म्हणून सातच्या कितव्या पटीत १ मिळवला की पाचने पूर्ण भाग जातो, ते शोधायचे. सातमधून पाच वजा केले की उरतात दोन. प्रश्न लहान झाला: दोनच्या कितव्या पटीत १ मिळवला की पाचने भाग जातो? दोनच्या दुपटीत. म्हणजे पहिल्यानंतरचा दुसरा बाजार, आजपासून १८ वा दिवस. ताळा करून पाहता येईल, पाणी ३, ८, १३ आणि १८ व्या दिवशी येते. त्यानंतर ही गाठ दर ३५ दिवसांनी पडणार.

पहिल्या भास्कराने आपल्या टीकेत एक छान उदाहरण घेतले आहे. ८ ने भागल्यावर ५ उरतात, ९ ने भागल्यावर ४ आणि ७ ने भागल्यावर १, अशी संख्या कोणती? उत्तर ८५. मुलांना घालून पाहावे असे हे कोडे आहे. पण आर्यभटाच्या परंपरेला त्याची गरज कोड्यापुरती नव्हती. ग्रह आत्ता आपल्या फेरीत कुठे आहे, एवढे कळले की युगारंभापासून किती दिवस गेले हे काढायचे, हा त्यांचा खरा प्रश्न होता, आणि तिथले आकडे कोटींच्या घरात असत. अंदाजाने एकेक दिवस तपासत गेले तर आयुष्य पुरले नसते.

आणि काही वेळा उत्तर नसतेच. एक गोष्ट दर ६ दिवसांनी घडते, उद्यापासून सुरू. दुसरी दर ४ दिवसांनी, परवापासून. पहिली नेहमी विषम दिवशी पडणार आणि दुसरी नेहमी सम दिवशी. या दोघी कल्पान्तापर्यंत भेटणार नाहीत. नियम असा की दोन फेऱ्यांच्या मसाविने त्यांच्या सुरुवातीतल्या फरकाला भाग गेला पाहिजे, नाहीतर प्रश्नच सदोष. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमाराला, हा नियम स्पष्ट शब्दांत येतो.

इथून सरळ विसाव्या शतकात यावे लागते. १९७३ मध्ये चुंग लाउंग लिउ आणि जेम्स लेलँड या दोघांनी अमेरिकेत एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. लिउ मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत होते आणि लेलँड अवकाशयाने बनवणाऱ्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत. प्रोसेसर एक, ठरावीक फेऱ्यांनी येणारी कामे अनेक, आणि प्रत्येक काम त्याची पुढची पाळी येण्याआधी संपलेच पाहिजे. कोणाला आधी घ्यायचे? त्यांचे उत्तर साधे होते. कामांना एकदाच कायमचा क्रम लावून द्यायचा असेल, तर ज्याची फेरी सर्वांत लहान, त्याला सर्वांत वरचे स्थान द्यावे. असा कोणताही क्रम जिथे सगळ्यांच्या मुदती पाळू शकतो, तिथे हा क्रमही पाळतो. काम महत्त्वाचे किती, हा विचार इथे येत नाही, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटते.

मॉनिटरचे कल्पित उदाहरण घेऊ. हृदयाचा संकेत दर ४ मिलिसेकंदांनी वाचायचा आहे आणि त्याला १ मिलिसेकंद लागतो. ऑक्सिजनच्या सेन्सरचे काम दर १० मिलिसेकंदांनी, त्याला ३ लागतात. पडदा दर ४० मिलिसेकंदांनी रंगवायचा, त्याला ८. प्रोसेसरचा २५ टक्के वेळ हृदयाला जातो, ३० टक्के ऑक्सिजनला आणि २० टक्के पडद्याला. एकूण ७५ टक्के. म्हणजे चतुर्थांश वेळ मोकळा आहे, मग काळजी कसली? पण समजा, पडद्याला आधी घेतले आणि मध्ये थांबवलेच नाही. ८ मिलिसेकंद प्रोसेसर रंगवण्यात अडकतो आणि तेवढ्यात हृदयाची दोन वाचने हुकतात. वेळ शिल्लक असूनही मुदत चुकते. लिउ आणि लेलँड यांच्या क्रमाने गेले तर हृदय आणि ऑक्सिजन आपापल्या पाळीला पडद्याला बाजूला सारून पुढे जातात. पडदा फटीफटीतून तुकड्यातुकड्याने रंगत राहतो आणि १९ व्या मिलिसेकंदाला पूर्ण होतो. त्याची मुदत ४० ची. कोणाचेच काही बिघडत नाही.

यात एक मेख आहे. हा हिशेब सगळी कामे एकाच क्षणी आली असे धरून केला. लिउ आणि लेलँड यांनी सिद्ध केले की ठरलेल्या क्रमाने चालणाऱ्या प्रोसेसरसाठी तोच सर्वांत वाईट क्षण असतो. त्या एका क्षणी प्रत्येक कामाची पहिली मुदत पाळली गेली, तर पुढे कधीच चुकणार नाही. म्हणजे आर्यभटाच्या युगारंभासारखाच एक क्षण, जिथे सगळे एका रेषेत उभे आहेत. आणि ४, १० व ४० यांचा लसावि ४०. दर ४० मिलिसेकंदांनी या मॉनिटरचे युग संपते आणि जसेच्या तसे पुन्हा सुरू होते. प्रत्येक कामाची फेरी बदलून पाहण्याचे कष्टही नेहमी घ्यावे लागत नाहीत. दोन कामे असतील तर एकूण भार ८२.८ टक्क्यांपर्यंत, तीन असतील तर जवळपास ७८ टक्क्यांपर्यंत आणि कितीही असली तरी ६९.३ टक्क्यांपर्यंत हमी आहे. कामे एकमेकांवर अवलंबून नसावीत, एवढी अट. भार त्याहून वर गेला म्हणजे मुदत चुकेलच असे नाही, पण मग प्रत्यक्ष तपासावे लागते. ज्याची मुदत सर्वांत जवळ त्याला घ्यायचे, असा क्रम दर क्षणी बदलत ठेवला तर प्रोसेसर शंभर टक्के वापरता येतो, हेही त्याच निबंधात आहे.

कुट्टकाचा उपयोग याच्या पुढच्या पायरीवर होतो. अभियंत्याच्या हाती एक सोय आहे जी आर्यभटाकडे नव्हती: तो कामांची सुरुवात पुढेमागे सरकवू शकतो. ४ आणि १० मिलिसेकंदांच्या फेऱ्यांचा मसावि २ आहे. एका कामाची सुरुवात सम मिलिसेकंदाला आणि दुसऱ्याची विषम मिलिसेकंदाला केली, तर ती दोन कामे यंत्र चालू असेपर्यंत कधीही एका क्षणी सुरू होणार नाहीत. फेऱ्या ४ आणि ९ अशा निवडल्या, तर मसावि १. मग सुरुवात कितीही सरकवा, दर ३६ मिलिसेकंदांत एकदा गाठ पडणारच. फेऱ्यांचे आकडे एकमेकांत बसणारे का निवडतात, याचे एक कारण हे आहे. ४, ८, १६ अशा, प्रत्येक आकड्याला त्याच्याहून लहान आकड्यांनी भाग जाणाऱ्या फेऱ्या असतील, तर लहान फेरीला वर ठेवण्याच्या साध्या क्रमानेही पूर्ण क्षमता वापरता येते.

आर्यभटाला संगणक ठाऊक होता, असा याचा अर्थ नाही. तसे म्हणणारे त्याचा मान वाढवत नाहीत. कामांचा प्राधान्यक्रम, मुदत, भाराची मर्यादा हे सगळे १९७३ चे आहे. जुने आहे ते चक्रांच्या गाठीचे गणित. त्यातही एक गंमत आहे. आकाशातले ग्रह पूर्णांकांनी बांधलेले नाहीत. त्यांच्या फेऱ्यांची गुणोत्तरे आर्यभटाने मोठ्या कौशल्याने पूर्णांकांत बसवली, पण ते निसर्गाचे जवळचे चित्र होते, हुबेहूब नव्हे. चिपमधले घड्याळ मात्र खरोखरच टिकटिक मोजत चालते, अपूर्णांकाला तिथे जागाच नाही. आकाशासाठी रचलेले गणित आकाशापेक्षा चिपला अधिक चपखल बसते.

आर्यभटाला घड्याळाच्या यंत्राचाही नाद होता, असे दिसते. ‘आर्यभटीया’च्या शेवटच्या, गोलपादात हलक्या लाकडाचा, सगळीकडून सारखा गोल करून पारा, तेल आणि पाणी यांच्या साहाय्याने काळाच्या गतीने फिरवण्याची सूचना आहे. आकाशाची फेरी हातात धरून दाखवणारे ते यंत्र.

त्याच ग्रंथात पृथ्वी स्वतःभोवती फिरते, असे तो सांगतो. नावेतून जाणाऱ्याला काठावरच्या वस्तू मागे जाताना दिसतात, तसे तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा त्याचा दाखला. यावर टीकेची झोड उठली. वराहमिहिराने विचारले की पृथ्वी फिरत असेल तर पक्षी आपल्या घरट्यात परत कसे येतात. भिनमाळच्या ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये पृथ्वीचे फिरणेही खोडले आणि चार सारख्या युगांवरही कोरडे ओढले, स्मृतींविरुद्ध आहेत म्हणून. ब्रह्मगुप्त तेव्हा तिशीचा होता. पुढे ६६५ मध्ये त्यानेच ‘खंडखाद्यक’ लिहिले आणि त्यात आधार घेतला आर्यभटाच्याच एका दुसऱ्या ग्रंथाचा, ज्यात दिवस मध्यरात्रीपासून मोजला होता. तो मूळ ग्रंथ आज हरवला आहे. पृथ्वीच्या फिरण्याबाबत तर त्याच्या स्वतःच्या परंपरेतल्या काही टीकाकारांनीही श्लोकांचा अर्थ वळवून घेतला. माणूस मोठा होता, त्याला चूक म्हणवत नव्हते, आणि तो म्हणतो ते पटतही नव्हते. कुट्टकाला मात्र कोणी विरोध केला नाही. ब्रह्मगुप्ताने ते पुढे नेले, भास्कराचार्यांनी ते आणखी सुटसुटीत केले.

एवढे असूनही ‘आर्यभटीय’ जवळपास हातातून गेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलब्रुक यांनी भारतीय गणिताचे ग्रंथ जमवले, तेव्हा आर्यभटाचा ग्रंथ त्यांना मिळाला नाही. त्याचे म्हणणे इतरांच्या उल्लेखांतून आणि विरोधकांच्या टीकेतूनच समजून घ्यावे लागत होते. त्यातच त्याच नावाचा दुसरा, पुढच्या काळातला एक आर्यभट होऊन गेल्यामुळे गोंधळ वाढला. तो सोडवण्यात पुढाकार घेतला एका डॉक्टरने. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले डॉ. भाऊ दाजी लाड. कुष्ठरोगावरच्या उपचारांसाठी त्यांचे नाव मुंबईभर होते, आणि दवाखान्यातून उरलेला वेळ ते शिलालेख आणि हस्तलिखिते यांच्यामागे घालवत. १८६४ मध्ये त्यांना मलबारकडून ‘आर्यभटीया’ची हस्तलिखिते मिळाली आणि १८६५ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी आर्यभटाचा काळ आणि ग्रंथ यांवर लेख लिहिला.

‘आर्यभटीय’ पहिल्यांदा छापले गेले ते हॉलंडमधल्या लायडन इथे, १८७४ मध्ये, हेन्ड्रिक केर्न यांच्या संपादनाखाली. त्याच वर्षी मे महिन्यात भाऊ दाजी वारले. आर्यभटाला अश्मक म्हणणारी आणि कुट्टकाचे ते दोन श्लोक उदाहरणांसह उलगडणारी पहिल्या भास्कराची टीका छापली जायला आणखी शंभर वर्षे लागली. कृपाशंकर शुक्ल यांनी संपादित केलेली ती आवृत्ती १९७६ मध्ये दिल्लीत निघाली, आर्यभटाच्या जन्माला पंधराशे वर्षे झाली त्या निमित्ताने, आणि लिउ-लेलँड यांच्या निबंधानंतर तीन वर्षांनी.